उंदरांची शेपटं आणि डब्याची सुट्टी

पत्राचा गोषवारा: लिहिणाऱ्या ताई ४९ वर्षांच्या, एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक. दुपारी दीडला आठ जण टेबलं जोडून डबे उघडतात. तिथे रोज एक चमत्कारिक बातमी सांगायचं काम ताईंकडे. कुणी सोपवलं नाही, आपसूक आलं. 'आज काय विशेष?' असं विचारूनच मंडळी झाकण काढतात. दोन महिन्यांपूर्वी ताईंनी इंग्रजांच्या काळातल्या दिल्लीची गोष्ट सांगितली: नाग मारून आणा, बक्षीस घ्या असं सरकारने म्हटलं, तर लोकांनी बक्षिसासाठी घरोघरी नागच पाळले. नव्याने लागलेल्या एका मुलाने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून 'मॅडम, फेक आहे हे' असं जाहीर केलं. हसं झालं ते ताईंचं. तेही गिळलं. पण पंधरा दिवसांनी त्यांनी उत्तर प्रदेशातल्या एका 'कागदावर मेलेल्या' माणसाची बातमी रंगवून सांगितली. 'साहेब, मी जिवंत आहे हो!' अशी त्याची नक्कलही केली. टेबल खदखदून हसलं आणि एक सहकारी अर्धा डबा बंद करून उठून गेले. नंतर तिसऱ्याच कुणाकडून कळलं की त्यांच्या आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सात महिने अडकलं आहे. कुठल्याशा नोंदीत ती माउली वारली आहे. त्या दिवसापासून ताईंच्या बातम्या बंद. टेबलावर आठ माणसं आणि आठ मोबाइल. यजमान म्हणतात, 'बरं झालं, टाइमपास सुटला.' ताई विचारतात: माझा स्वभावच उथळ आहे का? कायमचं गप्प बसू का? आणि त्या सहकाऱ्यांशी आता बोलायचं कसं?

ताई,

आधी माझी ओळख सांगतो, कारण या गुन्ह्यात मी तुमचा थोरला भाऊ शोभेन. मी अकरा वर्षं एका दैनिकात रात्रपाळीला होतो. बाराच्या सुमारास पान लावणारे काका दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, 'साहेब, पाचव्या पानाला दोन इंच भोक आहे.' त्या दोन इंचांसाठी आमच्या भिंतीला एक खिळा मारलेला होता. टेलिप्रिंटरवर आलेल्या ज्या बातमीचं काय करावं हे कुणालाच कळायचं नाही, ती फाडून त्या खिळ्याला टोचून ठेवायची. कुणाची म्हैस विहिरीत पडून हसतमुखाने वर आलेली, कुणी नवऱ्याच्या घोरण्यापायी कोर्टात गेलेली. भोक पडलं की खिळ्यावरून एक कागद ओढायचा, सहा ओळींत मराठी करायची आणि वर चौकट: 'ऐकावं ते नवलच!' सकाळी लोक अग्रलेख ओलांडून आधी तेच वाचायचे. अग्रलेख लिहिणारे आमचे संपादकसुद्धा.

एका रात्री मी परदेशातला साडेपाचशे पौंडांचा भोपळा घाईत साडेपाचशे किलोंचा करून टाकला. आठवड्याने एक पोस्टकार्ड आलं: 'आपला भोपळा आमच्या बैलाहून जड भरतो. बैल आम्ही बाजारात तोलून आणला होता. कृपया खात्री करावी.' खाली सही, आणि सहीखाली 'आपला नियमित वाचक'. ते कार्ड मी जपून ठेवलं आहे.

हे सगळं सांगायचं कारण त्या सहा ओळींत आहे. खिळ्यावरच्या कागदाला खाली आणखी तीन-चार परिच्छेद असायचे. ते आम्ही फाडून टाकायचो, कारण जागा दोनच इंच. हसू यायचं ते वरच्या भागात आणि का, कुणामुळे, पुढे काय झालं हे सगळं फाडलेल्या भागात. तुम्ही विचारता, 'मी उथळ आहे का?' मला तसं वाटत नाही. उथळ माणूस एवढ्याने दीड महिना झुरत बसत नाही. तुम्ही डब्याच्या टेबलावर दोन इंचांची बातमी सांगत होतात आणि खालचे परिच्छेद एका माणसाच्या घरात घडत होते, एवढंच झालं.

त्या दिवशीच्या बातमीतल्या माणसाचं नाव तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, टेबलावरही सांगितलं नसणार. तपशिलावरून ते आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी. सत्तरच्या दशकात कर्जासाठी कागद काढायला गेले तेव्हा त्यांना कळलं की महसूल दफ्तरात आपण मयत आहोत आणि जमीन नातेवाइकांच्या नावावर चढली आहे. जिवंत असल्याची नोंद परत मिळाली १९९४ मध्ये. मधली जवळजवळ दोन दशकं या माणसाने काय केलं, ते बघा. नावापुढे 'मृतक' लावलं. स्वतःसारख्याच कागदी मयतांची संघटना काढली, तिचं नाव मृतक संघ. बायकोला विधवा म्हणून पेन्शन द्या, असा अर्ज केला. १९८९ मध्ये अमेठीत थेट राजीव गांधींच्या विरोधात उभे राहिले, कारण उमेदवारी अर्ज स्वीकारला म्हणजे सरकारनेच आपल्याला जिवंत मानलं. २००३ मध्ये त्यांना शांततेचा इग नोबेल मिळाला. आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांसाठी हे पुरस्कार देतात. ते अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झाले. लाल बिहारींच्या मानपत्रात त्यांच्या 'मरणोत्तर' चळवळीचं कौतुक आहे.

म्हणजे लोकांनी हसावं अशी या माणसाचीच इच्छा होती. हसू हे त्याचं हत्यार होतं. मग तुमच्या टेबलावरचं हसू का खुपलं? तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात मला त्याचं उत्तर दिसलं: 'मी त्याची नक्कलही केली.' ताई, नक्कल करायचीच होती तर खिडकीच्या अलीकडे बसलेल्या माणसाची करायची. 'जिवंत आहात? मग तसा दाखला आणा' म्हणणाऱ्याची. तुम्ही स्वतः वरिष्ठ लिपिक आहात. तो आवाज, ती चष्म्यावरून बघायची तऱ्हा, 'उद्या या, साहेब दौऱ्यावर आहेत' हे तुम्हाला शिकायला कुठे जायची गरज नाही. ती नक्कल केली असतीत तर बातमी तीच राहिली असती आणि ते सहकारी कदाचित सगळ्यात जोरात हसले असते. कदाचित म्हणतो, खात्री देत नाही.

आणखी एका गोष्टीवर थोडं थांबा. तुम्ही धरून चालला आहात की ते तुमच्यावर रागावून उठले. असेल तसंही. पण भरून आलेलं चारचौघांत दिसू नये म्हणूनही माणूस उठतो. त्यांनी स्वतः तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. मला जास्त टोचलं ते हे की आईचं पेन्शन सात महिने बंद आहे, रोज पोळी-भाजी एकत्र, आणि सातांपैकी बहुतेकांना पत्ता नाही. यात तुमचा दोष काढत नाही. पण रोज दीड वाजता जगभरातली गंमत हजर असली की घरचं काढायची कुणावर वेळ येत नाही, आणि ती काहींना हवीहवीशी सोय असते. त्यांनाही असेल. आता तीच सोय मोबाइल करतोय, आणि तुमच्यापेक्षा वाईट करतोय, कारण त्यात एकत्र हसणंही नाही.

त्यांच्याशी बोलायचं ते टेबलावर नको आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. जिन्यात, चहाच्या टपरीवर, बस थांब्यावर, जिथे दोघांना समोर बघत उभं राहता येतं, तोंडाकडे बघावं लागत नाही, अशा जागी. 'मला माहीतच नव्हतं हो' ही सुरुवात टाळा. ती आपली सुटका असते, समोरच्याला तिचा काही उपयोग नसतो. 'त्या दिवशी मी ती नक्कल करायला नको होती. आईंचं काम कुठवर आलं?' एवढी दोन वाक्यं पुरतात. ते म्हणतील, 'छे छे, भूक नव्हती.' मग तो विषय तिथेच सोडा, ओढू नका. पण कामाचं बोलले, तर तुम्ही नुसत्या मैत्रीण नाही, कागद ओळखणाऱ्या बाई आहात. दर नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला दिला होता का, दिला असेल तर पोच आहे का, बँकेच्या शाखेत अडकलंय की निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयात, हे प्रश्न तुमच्यासारखीने विचारले की निम्मा गुंता तिथेच सुटतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' म्हणून हा दाखला डिजिटलही देता येतो. पण म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, तीही विचारून बघा. तोंडी सांगून आलो, फोन करून बघितला, याला दफ्तरात किंमत नाही. लेखी अर्ज आणि त्यावर तारखेसह पोच, हे तुम्हाला मी काय सांगायचं! फक्त काम त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. मदत मागितली तेवढी करा.

आता त्या मुलाकडे वळू. त्याच्यावरचा राग पत्रात लपलेला नाही. 'हल्लीची मुलं' हे शब्द तीनदा आले आहेत. पण मुलगा बरोबर होता. दिल्लीच्या नागांची गोष्ट सगळीकडे फिरते, व्यवस्थापनाच्या वर्गांतसुद्धा शिकवतात. भक्कम कागदोपत्री पुरावा मात्र कुणाला सापडलेला नाही. गंमत अशी की अगदी तशीच एक खरी गोष्ट शेजारीच पडली आहे. १९०२, व्हिएतनाममधलं हानोई, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यातलं. फ्रेंचांनी शहरात मोठ्या हौसेने भुयारी गटारं बांधली आणि त्यात उंदरांनी संसार थाटले. प्लेगची धास्ती होती, म्हणून सरकारने उंदरामागे बक्षीस लावलं, आणि मेलेल्या उंदरांचे ढीग कोण मोजत बसणार, म्हणून नुसती शेपटी आणून द्यायची. शेपट्यांच्या राशी लागल्या. मग अधिकाऱ्यांना रस्त्यात बिनशेपटीचे धडधाकट उंदीर पळताना दिसू लागले. लोक शेपूट छाटून उंदीर सोडून देत होते, म्हणजे तो बाळंतपणं करायला मोकळा. पुढे शहराबाहेर उंदीरपालनच सापडलं आणि बक्षीस बंद झालं. हे सगळं फ्रेंच दफ्तरात नोंदलेलं आहे. तुमच्या नागांपेक्षा ही गोष्ट मला कितीतरी सरस वाटते. नाग पाळायला छाती लागते, उंदराची शेपटी कापायला नुसता अडकित्ता पुरतो.

त्या मुलाला हे काम द्याच. 'उद्यापासून खरं-खोटं तुझ्याकडे' असं सगळ्यांसमोर सांगा. टोकणाऱ्याच्या हातात शिक्का दिला की तो भागीदार होतो. आणि त्याला मंत्रालयातल्या उंदरांपासून सुरुवात करू द्या. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत एक आकडा मांडला: मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याची नोंद आहे, काम मात्र सहा महिन्यांचं होतं. महाराष्ट्र आठवडाभर हसला. आता भाग देऊन बघा. दिवसाला ४५,६२८ आणि वर अर्धा-पाऊण उंदीर. रात्रंदिवस काम चाललं असं धरलं तरी मिनिटाला एकतीस-बत्तीस. एवढे उंदीर पुरले कुठे, नेले कशातून, आणि त्या आठवड्यात मंत्रालयात कुणाला वास कसा आला नाही? हा भागाकार केला की आपोआप पुढचा प्रश्न पडतो: हा आकडा उंदरांचा आहे तरी का? सरकारच्या खुलाशानुसार नव्हता. तीन लाख एकोणीस हजार चारशे या विषाच्या गोळ्या होत्या. प्रत्यक्षात किती उंदीर मेले, हा प्रश्न गोळ्या खाऊन तसाच पडून राहिला.

चमत्कारिक बातमी तपासायला फार विद्या लागत नाही. आकडा असेल तर भाग द्यायचा. 'एका गावात', 'एका शास्त्रज्ञाने' असं असेल तर गावाचं नि शास्त्रज्ञाचं नाव शोधायचं. मिळालं नाही तर बातमी सोडायची. तारीख बघायची, कारण या बातम्या दूरच्या पाहुण्यांसारख्या असतात, दर दोन वर्षांनी नवे कपडे घालून येतात. आणि शेवटचा परिच्छेद आधी वाचायचा. मी तो फाडायचो, म्हणून मला त्याची किंमत माहीत आहे.

एका बातमीने माझे डोळे या बाबतीत उघडले. रात्रपाळीत कधीतरी 'काकवीचा पूर' अशी चौकट मी केली होती. बॉस्टन शहर, १५ जानेवारी १९१९, उसाच्या काकवीची प्रचंड टाकी फुटली आणि रस्त्यातून लाट धावली. मथळ्यात मी 'गोड संकट' की असलंच काहीतरी घातलं. बऱ्याच वर्षांनी पूर्ण हकीकत वाचनात आली. २१ माणसं मेली होती. टाकी आधीपासून गळत होती, आणि गळती दिसू नये म्हणून तिला तपकिरी रंग दिला होता. पुढे कंपनीला भरपाई द्यावी लागली. ते वाचल्यावर मी 'गोड' शब्द पुन्हा मथळ्यात घातला नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अजब मृत्यू' पाठवणाऱ्या काका-मामांनाही मी एवढंच म्हणतो: बातमीत कुणी मेलं असेल तर आधी ग्रुपमध्ये कुणाकडे सुतक आहे का, ते बघा.

टेबलावर कुणाचं काय चाललंय हे ठाऊक नसेल, तेव्हा माणूसच नसलेली बातमी काढावी. माझी आवडती १९९२ ची आहे. हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या 'एव्हर लॉरेल' जहाजावरून वादळात कंटेनर पॅसिफिकमध्ये पडले आणि अंघोळीची २८,८०० प्लॅस्टिक खेळणी समुद्रावर मोकळी झाली. दहा महिन्यांनी ती अलास्काच्या किनाऱ्याला लागायला लागली. समुद्रशास्त्रज्ञांनी ती कुठे आणि कधी सापडतात याचा हिशेब ठेवून सागरी प्रवाहांचं आपलं गणित पारखून घेतलं. सगळे त्यांना 'रबरी बदकं' म्हणतात. पण प्रत्येक पुड्यात चार प्राणी होते: पिवळं बदक, निळं कासव, हिरवा बेडूक, लाल बीव्हर. तीन चतुर्थांश प्रवासी बदकं नव्हतेच, नाव मात्र बदकांचं झालं. कार्यालयात काम करणाऱ्या माणसाला यातलं दुःख वेगळं सांगावं लागत नाही.

बेडकावरून आठवलं. आंद्रे गाइम यांना २००० मध्ये चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल इग नोबेल मिळाला, आणि २०१० मध्ये ग्राफिन या एका अणूइतक्या पातळ कार्बनच्या पापुद्र्यावरच्या कामासाठी खरा नोबेल. यजमानांनी पुन्हा 'टाइमपास' म्हटलं की त्यांना हे ऐकवा. त्यांचं तेवढ्यावर भागावं.

रोज एक बातमी हा नेम मात्र सोडून द्या. आठवड्यातून दोनदा तुम्ही, बाकीचे दिवस ज्याला सुचेल त्याने. एखाद्या दिवशी कुणालाच सुचणार नाही आणि टेबल गप्प राहील, तेव्हा घाईने ते भोक बुजवू नका. मी अकरा वर्षं भोकं बुजवली आहेत, म्हणून सांगतो. त्या गप्प वेळातच कुणीतरी म्हणतं, 'अहो, आमच्या आईचं पेन्शन अडकलंय.'

सोमवारी सुरुवात मंत्रालयापासून करा. आधी सहकाऱ्यांशी जिन्यात बोलून झालेलं असू द्या. मग दीड वाजता नुसता आकडा सांगा, तीन लाख एकोणीस हजार चारशे, आणि भाजी वाढून घ्या. भागाकार त्या मुलाला करू दे. नक्कल करायचा मोह झालाच तर बिल मंजूर करणाऱ्याची करा. आणि झाकणं लागायच्या आत गोळ्यांचं सांगायला विसरू नका.